नऊ मालकांची लाँड्री

लाँड्रीत त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला ‘रीतसर’ म्हणायचे. फार वर्षांपूर्वी सकाळच्या चहात साखर किती घालायची यावरून तिथं रोज कुरबुर व्हायची. एक दिवस यानं चमचा कपावर वाजवला आणि म्हणाला, “असं तोंडातोंडी नको. रीतसर ठराव मांडा, रीतसर अनुमोदन द्या, रीतसर मतं घ्या.” मतं घेतली. कपाला सव्वा चमचा साखर मंजूर झाली. ती कुणालाच आवडली नाही. पण पुढं पंचवीस वर्षं सगळे निमूटपणे तोच चहा पीत आले. मंजूर म्हणजे मंजूर.

घरातही तोच कारभार. घरी मतदार तीन: तो, बायको आणि मुलगी. पडदे कुठल्या रंगाचे, पंखा कुठल्या खोलीत, पाहुण्यांना बोलवायचं की आपणच जायचं, प्रत्येक गोष्ट तो मताला टाकायचा आणि दोन विरुद्ध एक असा हरायचा. “लोकशाहीत अल्पमतालाही मान असतो,” असं म्हणत तो पिशवी उचलून बाजाराला निघायचा, आणि बायको दारातून ओरडायची, “मान घेऊन याच, पण येताना कांदेही आणा!”

अंगानं तो काटकुळा होता. एकतीस वर्षं इस्त्री दाबून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला. कपडे मात्र परीटघडीचे, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसानं कान झाकून घ्यावेत. असा आवाज देवानं इस्त्रीवाल्याला का दिला, हे कोडं त्याच्या बायकोला लग्नाच्या दिवसापासून सुटलं नव्हतं.

लाँड्रीची गोष्ट तो कुणालाही सांगायचा, ऐकणाऱ्यानं विचारो न विचारो. पंचवीस वर्षांपूर्वी तिला एक मालक होता. तो एका सकाळी आलाच नाही. दुपारपर्यंत चौदा कामगार दाराकडं डोळे लावून बसले. मशिनांत इस्पितळाच्या आणि हॉटेलांच्या चादरी ओल्या पडलेल्या. मालक पळाला तरी ओली चादर थांबत नाही, तिला वास सुटतो. म्हणून त्यांनी त्या धुतल्या, वाळवल्या, घड्या घालून पोचवल्या. दुसऱ्या दिवशी नव्या चादरी आल्या, त्याही धुतल्या. चौथ्या दिवशी कुणीतरी विचारलं, “आपण हे कुणासाठी धुतोय?” या प्रश्नाला उत्तर मिळेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून सहकारी संस्था काढली. इथवर आलं की रीतसरचा आवाज भरून यायचा आणि ऐकणाऱ्याला घड्याळ आठवायचं.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी साडेसातला, बॉयलर तापेपर्यंत, कपडे निवडायच्या लांब टेबलाभोवती सगळे उभे राहत. अध्यक्षपद दर महिन्याला फिरतं. प्रत्येकानं आपल्या पाळीनं बोलायचं, आणि एक जण बोलत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, मग तो कितीही वेळ घेवो. शेवटी मतदान. भिंतीला दोन दोऱ्या ताणलेल्या होत्या, उजवी ‘हो’ची, डावी ‘नाही’ची. प्रत्येकाचा एकेक लाकडी चिमटा, त्यावर न निघणाऱ्या शाईनं ज्याची त्याची खूण. चिमटा दोरीला लावला की मत झालं. लपवाछपवी नाही. कुणी कुठं लावला ते साऱ्या लाँड्रीला दिसायचं आणि आठवडाभर लक्षात राहायचं.

चौदांचे आता नऊ उरले होते. त्यांतली सगळ्यांत लहान सभासद सेहेचाळीस वर्षांची. ती अकरा वर्षांपूर्वी, सगळ्यांच्या नंतर आलेली, म्हणून तिला अजूनही ‘धाकटी’च म्हणत. ती दुसऱ्या टेबलावर इस्त्री करायची आणि फारसं बोलायची नाही. सभेत तिची पाळी आली की म्हणायची, “माझं काही नाही.” कपड्यांवर खुणा घालणारी मावशी मात्र तिच्या वाटचंही बोलायची. मावशीच्या नखांत शाई मुरलेली, आणि जीभ शाईपेक्षा पक्की.

वर्ष संपताना तिघं जण निवृत्त होणार होते. एकीला मोतीबिंदू, गाडीवाल्याचे गुडघे गेलेले, आणि बॉयलरवाल्याला मुलानं आपल्याकडं बोलावलेलं. उरणार सहा. संस्थेच्या नियमात लिहिलेलं होतं की सभासद नवाच्या खाली गेले, तर संस्था गुंडाळायची आणि जागा, मशिनं सगळं सहकारी संस्थांच्या संघाच्या ताब्यात द्यायचं. त्यात संघाचं नवं पत्र आलं की नवे सभासद पस्तिशीच्या आतलेच हवेत, आणि वार्षिक सभेच्या दिवशी त्यांच्या सह्या झालेल्या असाव्यात. हातात होते अडीच महिने.

“तरुणांत जाऊन कुणीतरी सहकाराचं महत्त्व सांगायला हवं,” मावशी त्या सोमवारी म्हणाली. “ज्याला बोलायची हौस आहे त्यानं जावं.”

रीतसरनं मान खाली घातली, कारण अशा वेळी मान खाली घालायची असते. मत घेतलं. आठ विरुद्ध एक. तो एक चिमटा त्याचा स्वतःचा. नको म्हणायची रीत असते म्हणून लावलेला. कुणीतरी “असं कसं, तुम्हीच हवेत” असा आग्रह करेल अशी त्याची अपेक्षा होती. आग्रह कुणी केला नाही, पण काम गळ्यात पडलं.

संघानंही हात आखडता घेतला नाही. एका सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला जागृती अधिकारी आला आणि गाडीतून खोकी उतरवायला लागला. दोनशे टोप्या, तीनशे किल्ल्यांच्या साखळ्या आणि एक भलामोठा फलक. फलकावर गोल करून एकमेकांत गुंफलेले हात होते आणि खाली लिहिलं होतं, ‘तरुणाई, हातात हात, सहकाराची नवी पहाट!’

मावशीनं फलक जवळून पाहिला. “हात कुणाचे हे? एकाच्याही नखात मळ नाही.”

“ते प्रतीकात्मक आहेत, आजी.”

“आजी तुझी घरी असेल. तू कुठल्या संस्थेचा सभासद?”

“मी? नाही नाही, मी जाहिरात कंपनीत आहे. कंत्राटावर. संघानं जागृतीचं काम आमच्या कंपनीला दिलंय.”

“म्हणजे मालक नसलेल्या कामाचं गुणगान करायला मालकाचा माणूस ठेवला,” मावशी म्हणाली आणि खुणा घालायला निघून गेली. अधिकाऱ्यानं वहीत लिहून घेतलं, ‘ज्येष्ठ सभासद उत्साही.’

पहिलं भाषण जवळच्या कॉलेजात. रीतसर तीन रात्री आरशासमोर उभा राहिला होता. कुठं थांबायचं, कुठं हात वर न्यायचा, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसवलं होतं. प्राध्यापकांनी दोनशे खुर्च्यांचं सभागृह दिलं आणि त्यात अकरा मुलं आली, एकमेकांपासून लांब लांब बसलेली. यानं एकदा विंगेकडं पाहिलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

सहकाराची सात तत्त्वं. पहिल्या तत्त्वाला दोघांनी फोन काढले. तिसऱ्याला एक उंच मुलगा मागच्या रांगेत आडवा झाला. पाचव्याला तो घोरायला लागला आणि रीतसरनं त्याच्या घोरण्यावर आवाज चढवला. एक तास दहा मिनिटांनी, सातव्या तत्त्वाच्या शेवटी, त्यानं दोन्ही हात पसरले आणि टाळ्यांसाठी थांबला. पंखा तेवढा आवाज करत राहिला.

“काही शंका?”

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. “तुमच्याकडं बॉस कोण?”

“कुणीच नाही!” रीतसर आनंदानं गरजला. याच प्रश्नाची तर तो वाट बघत होता. “आम्ही सगळेच मालक!”

“मग सुट्टी कुणाकडं मागायची?”

“सगळ्यांकडं.”

“म्हणजे नऊ बॉस,” मुलगी म्हणाली. “मला एकच आवरत नाही.”

सभागृह हसलं. मागचा उंच मुलगा हसण्यानं जागा झाला आणि संपलं असं समजून टाळ्या वाजवायला लागला. त्या दिवशीच्या टाळ्या एवढ्याच.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, “बाबा, किती जण तयार झाले?”

“जागृती झाली.”

“किती जण जागे होते?”

बायकोनं ताट वाढलं. “अहो, त्या पोरांना सात तत्त्वं कशाला सांगता? मला तीस वर्षांत एक कळलेलं नाही.”

“मग तूच हो की सभासद,” तो मुलीकडं वळून म्हणाला. “पस्तिशीच्या आतली आहेस.”

“बाबा, घरात तुमच्याबरोबर सभा होते तेवढी पुरे.”

महिन्याभरात त्यानं आणखी चार ठिकाणी भाषणं केली. टोप्या संपल्या, साखळ्या संपल्या, सभासद एकही मिळाला नाही. तो दिवसेंदिवस गप्प होत गेला. इस्त्री करताना तो मशिनांकडं बघायचा, दोऱ्यांकडं बघायचा, आणि वाटायचं, आपल्याला बोलता येतं म्हणून पाठवलं, आणि नेमकं बोलणंच कुणाला नको आहे. वार्षिक सभेला पाच आठवडे राहिले होते. लाँड्री बंद झाली तर इतरांची नोकरी जाईल. याचं तर देऊळच जाणार होतं, आणि ते घालवणारा पुजारी म्हणून नाव याचंच लागणार होतं.

तेव्हा त्याला एक कल्पना सुचली. ऐकवून कळत नसेल, तर दाखवू. मुलांना सोमवारच्या सभेलाच बोलवायचं. मालक नसताना माणसं किती गुण्यागोविंदानं वागतात हे त्यांना डोळ्यांनी पाहू दे. आता खरी सभा पाहुण्यांसमोर करायची म्हणजे धोका. म्हणून यानं ती लिहून काढली.

कुणाचाच विरोध होणार नाही असा विषय निवडला: पुढच्या दाराला निळा रंग द्यावा. नऊ जणांची नऊ भाषणं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहून वाटली आणि जेवणाच्या सुट्टीत तालमी सुरू केल्या. धुलाईच्या मशिनांवर दोघी जावा होत्या. घरच्या कुठल्याशा कारणावरून चार वर्षं एकमेकींशी त्यांचा अबोला. एकीनं सूचना मांडायची आणि दुसरीनं हसून अनुमोदन द्यायचं, अशी यानं योजना केली. अनुमोदन मिळालं, हसू काही केल्या मिळेना. बॉयलरवाल्याला एकच वाक्य होतं आणि ते तो दर वेळी बॉयलरकडं तोंड करून म्हणायचा.

“इकडं, प्रेक्षकांकडं बघून!”

“तिकडं बघितलं की वाफ वाढते,” बॉयलरवाला म्हणायचा.

मावशीनं आपला कागद हातभर लांब धरला. “‘नव्या रंगानं आपल्या एकजुटीला नवी झळाळी येईल.’ हे मी म्हणायचं? असं मी जन्मात बोलले नाही.”

“एक दिवस बोल गं मावशी. संस्थेसाठी.”

“आणि धाकटीला काय दिलंयस?”

“तिचं नेहमीचंच. ‘माझं काही नाही.’”

मावशीनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

सोमवारी हजेरी लागेल असं प्राध्यापकांनी सांगितल्यामुळं सात मुलं आली. दाराशी रांगेनं उभी राहिली. त्यांत ती प्रश्नवाली मुलगी होती आणि तो उंच झोपाळूही होता. त्या महिन्याचा अध्यक्ष रीतसर. त्यानं मुलांना नियम सांगितले, दोऱ्या दाखवल्या, चिमटे दाखवले आणि चमचा कपावर वाजवला. पडदा वर गेला.

थोरल्या जावेनं सूचना मांडली. दुसरीनं अनुमोदन दिलं आणि चक्क दात दाखवले. गाडीवाला बोलला. बॉयलरवाल्यानं अर्धं वाक्य मुलांकडं बघून म्हटलं. रीतसरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग मावशीची पाळी आली.

मावशीनं कागद उघडला. चष्मा सारखा केला. एकदा धाकटीकडं पाहिलं. मग कागदाची चार पदरी घडी घालून टेबलावर ठेवली.

“रंगाचं मरू दे,” ती म्हणाली. “दार आहे तसं बरं आहे. हिच्या हातांवरचं पुरळ बघा. कोपरापर्यंत गेलंय. इस्त्रीची टेबलं तीन. एक खिडकीपाशी, दोन बॉयलरच्या भिंतीला. खिडकीपाशी वारा, भिंतीला भट्टी. खिडकीपाशी कोण असतं? रीतसर. किती वर्षं? एकोणीस. त्याला खोकला झाला होता म्हणून दिली होती. ठरावांचं पुस्तक काढा. ‘तूर्त’ असं लिहिलंय त्यात. खोकला कधीच गेला. तूर्त काही जाईना. माझं म्हणणं, महिन्यामहिन्याला टेबलं फिरवा.”

मावशीला अडवावं म्हणून रीतसरनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम त्यानंच पाच मिनिटांपूर्वी पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगितला होता.

पुढची पाळी धाकटीची. तिच्या कागदावर तीनच शब्द होते. तो तिनं हातात चुरगळला.

“मी आले तेव्हा मला सांगितलं, तुझी जागा तिकडं,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मुलं दोन पावलं पुढं आली. “मला वाटलं, नवीन आहे म्हणून. मग वाटलं, बाई आहे म्हणून. मग वाटायचं थांबलं. उन्हाळ्यात घरी गेले की हात बादलीत घालून बसते. पोरगी विचारते, आई, तुझी तर स्वतःची लाँड्री आहे ना? मी हो म्हणते.” ती थांबली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण तिला आणखी बोलायचं होतं. एकदा बांध फुटल्यावर ती वीस मिनिटं बोलली: दुपारी येणारी चक्कर, डोळ्यांपुढची अंधारी, एकदा जळालेल्या कॉलरवरून रीतसरनं सगळ्यांदेखत दिलेलं व्याख्यान. कुणीही मध्ये बोललं नाही. बॉयलर तापून शिट्टी मारायला लागला, तरी कुणी हललं नाही.

शेवटी अध्यक्षाची पाळी. आवाज तोच, पण आता तो कुठं फेकायचा ते त्याला कळेना. खिडकीपाशी उजेड असतो, उजेडात घडी बरोबर बसते, इस्पितळाचं काम नाजूक, असं काहीबाही तो बोलला. आपलं बोलणं आपल्यालाच पटत नाही असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

मतदान झालं. एकेक चिमटा लागत गेला. चार उजवीकडं. चार डावीकडं, त्यांत त्याचा स्वतःचा. राहिला बॉयलरवाला. तीस वर्षांचा दोस्त. दुपारचा चहा दोघांनी एका किटलीतून प्यायलेला. बॉयलरवाला दोऱ्यांपाशी गेला, थांबला आणि चिमटा उजव्या दोरीला लावला.

“गरम असतं तिथं,” तो रीतसरकडं न बघता म्हणाला. “मला माहीत आहे.”

निकाल अध्यक्षानंच सांगायचा असतो.

“पाच विरुद्ध चार,” रीतसर म्हणाला. “ठराव मंजूर.”

“कधीपासून?” मावशीनं विचारलं.

“वेगळी तारीख ठरली नसेल तर त्याच दिवसापासून.” नियम त्याला झोपेतही पाठ होता.

तो खिडकीपाशी गेला. आपली इस्त्री उचलली. पाणी मारायची बाटली, चष्म्याचं घर, पायांखाली घ्यायची जाड सतरंजी, सगळं दोन फेऱ्यांत भिंतीच्या टेबलावर आणलं. धाकटी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून नुसतीच उभी राहिली. मग रीतसरला पाहुण्यांची आठवण झाली.

“सभा संपली,” तो म्हणाला. “काही शंका?”

प्रश्नवाल्या मुलीनं हात वर केला. “तुम्ही अध्यक्ष ना?”

“हो.”

“मग हरलात कसे?”

“एक मत कमी पडलं.”

“ते कळलं हो. पण अध्यक्ष असून?”

काय विचारतेय तेच त्याला कळेना. “अध्यक्ष झालं म्हणून काय झालं? चिमटा एकच असतो,” तो म्हणाला आणि इस्त्री लावली.

संध्याकाळी घरी तो भिंतीला टेकून बसला. “सगळं गेलं. पाहुण्यांसमोर आपली धुणी धुतली. आता कोण येतंय? संस्था बुडाली ती माझ्यामुळं.”

बायकोनं सगळी हकिकत ऐकली. पाणी आणून दिलं. त्याच्या कोपराशी लाल झालेलं बघितलं.

“एका दिवसात एवढं?” ती म्हणाली.

“हो ना. भयंकर उष्णता आहे तिथं.”

“आणि ती बाई अकरा वर्षं.” ती उठून आत गेली आणि आतूनच बोलली, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणतात ते उगीच नाही. उद्या जाताना तिला मलम घेऊन जा. मतदान वगैरे घेऊ नका, नुसतं घेऊन जा.”

त्यानं नेलं. धाकटीनं मलम घेतलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “तुम्ही पण लावा. भिंतीपाशी दर चार तासांनी लावावं लागतं.” एवढं मोठं वाक्य ती त्याच्याशी आजवर बोलली नव्हती.

गुरुवारी दुपारी तिघं जण दाराशी आले. प्रश्नवाली, झोपाळू आणि तिसरा एक चष्मेवाला. त्याला यांच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. सोमवारी तो दाराबाहेरून बघत होता. रीतसरनं घाईघाईनं हात पुसले. माफी मागायच्या तयारीनं तो पुढं गेला.

“ते सोमवारचं मनावर घेऊ नका. एरवी आमच्यात असं होत नाही.”

“होत नाही?” झोपाळूचा चेहरा उतरला. “मला वाटलं, दर सोमवारी होतं.”

“मी एका दुकानात काम करते,” प्रश्नवाली म्हणाली. “आठ तास उभी. आठ महिन्यांपूर्वी बसायला स्टूल मागितलं. म्हणाले, अर्ज वर पाठवलाय. वर म्हणजे कुठं ते अजून मला कळलेलं नाही. तुमच्याकडं वर कोण असतं?”

“वर?” रीतसरनं खरोखरच मान वर केली. “वर पत्रा आहे.”

“तेच विचारायला आले होते,” ती म्हणाली. “मला इस्त्री येत नाही. शिकवाल?”

तो बोलायला लागला. पहिलं तत्त्व तोंडातून निम्मं बाहेरही आलं. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला, “रीतसर, आधी त्यांना आत तर घे!” त्यानं ते निम्मं गिळलं आणि बाजूला झाला.

तिघं तीन आठवडे काम शिकले. झोपाळू बॉयलरवाल्याच्या हाताखाली, आणि आश्चर्य म्हणजे तिथं त्याला झोप येत नसे. चष्मेवाल्याकडं गाडी आली. प्रश्नवालीनं सात कॉलर जाळल्या. आठवी जाळली तेव्हा रीतसर व्याख्यानासाठी श्वास घ्यायला लागला, खिडकीकडं बघितलं आणि सोडून दिला. वार्षिक सभेच्या दिवशी तिघांच्या सह्या झाल्या. मावशीनं तीन कोऱ्या चिमट्यांवर तीन नव्या खुणा घातल्या. निवृत्त होणाऱ्या तिघांनी आपापले चिमटे घरी नेले. मोजदाद नऊ भरली. रीतसरनं आभाराचं भाषण केलं आणि ते चार मिनिटांत आटोपलं. हेही त्या वर्षीचं एक आश्चर्यच म्हणायचं.

सभेला जागृती अधिकारी आला होता. त्यानं नव्या तिघांचा टोप्या घालून फोटो काढला. कॉलेजात मिळालेल्या त्या टोप्या ते वाफेत केस भिजू नयेत म्हणून घालत. पुढं संघाच्या वार्षिक अंकात तो फोटो छापून आला, आणि खाली मजकूर होता की टोपी-मोहिमेला तरुणांचा उदंड प्रतिसाद मिळाला. जाहिरात कंपनीला मानचिन्ह मिळालं. रीतसरनं तो अंक घरी नेऊन दाखवला. “यात तुमचं नाव कुठं आहे?” बायकोनं विचारलं. “संस्थेचं आहे की,” तो म्हणाला, आणि संस्थेचं नाव छापताना चुकलं होतं ते काही त्यानं सांगितलं नाही.

मग संघाचं आणखी एक पत्र आलं. त्या सोमवारची हकिकत अधिकाऱ्यानं नव्या तिघांकडून ऐकून तिकडं कळवली होती. पुढच्या महिन्यात मोठा युवक मेळावा आहे. पाचशे तरुण येतील. आपल्या संस्थेत झालेल्या आदर्श चर्चेचं प्रात्यक्षिक तिथं मंचावर करून दाखवावं. विषय तोच. वेळ पंचवीस मिनिटं. शेवट शक्यतो गोड करावा.

सोमवारी रीतसरनं ते वाचून दाखवलं. पाचशे माणसं. मंच. दिवे. आयुष्यभर जो आवाज तो कॉलर आणि चादरींवर उधळत आला, त्याला शेवटी कुणीतरी माप घेऊन जागा देत होतं. भूमिका हरणाऱ्याची होती, पण हरणाऱ्यालाच तर खरी दाद मिळते.

जावा म्हणाल्या, जाऊ या. चष्मेवाला म्हणाला, गाडीत सगळे मावतील. झोपाळू म्हणाला, पाचशे लोक बघतील, भारी आहे. मावशीनं धाकटीकडं पाहिलं, पण या वेळी तिच्या वाटचं काही बोलली नाही.

धाकटीची पाळी आली.

“मी तेच पुन्हा नाही बोलणार,” ती म्हणाली. “एकदा बोलायलाच मला अकरा वर्षं लागली.”

आणखी काही तिला सांगायचं नव्हतं. पाळी अध्यक्षाकडं आली. त्या महिन्याची अध्यक्ष प्रश्नवाली होती. ती म्हणाली, “मी नवीन आहे. पण मी आले ती कुणी काही बसवलेलं नव्हतं म्हणून.” पत्र वाचणाऱ्यानं शेवटी बोलायचं असतं, म्हणून उरला रीतसर. तो बराच वेळ पत्राची घडी करत आणि उलगडत राहिला. पाचशे माणसं त्याच्या डोळ्यांसमोर बसली, सरसावली, थांबली.

“माझं काही नाही,” तो म्हणाला.

पुढं होऊन त्यानं आपला चिमटा डाव्या दोरीला लावला, सगळ्यांच्या आधी. मोजल्यावर ‘नाही’ सहा भरले. उत्तर लिहायचं काम रीतसरकडंच आलं, कारण अक्षर त्याचं चांगलं. भिंतीच्या टेबलावर कागद ठेवून त्यानं लिहिलं:

‘आपले पत्र मिळाले. प्रात्यक्षिक करणे जमणार नाही, क्षमस्व. तरुणांना कोणत्याही सोमवारी सकाळी साडेसात वाजता पाठवावे. सभा किती वेळ चालेल ते सांगता येत नाही. विषय आम्हालाही आधी माहीत नसतो.’